ढोलाची बिदागी

"बाई, इथे कसला कार्यक्रम आहे?" कमरेला ढोल बांधता बांधता आफरीनने विचारलं.

समोर खासगी इंग्रजी शाळेची चार मजली इमारत होती. तिची घरपट्टी थकली होती, म्हणून दारात ढोल बडवून वसुली करायची होती. बँडवाल्यांचे पैसे वाचवायला वसुलीच्या साहेबांनी आमच्या पालिका शाळेचं पथकच कामाला जुंपलं. हे मुलांना सांगायला माझी जीभ रेटेना. "वाजवा मनापासून," एवढंच म्हणाले.

मुलांनी जीव तोडून वाजवलं. वरच्या खिडक्या पटापट उघडल्या आणि टाय लावलेली पोरं बाकांवर चढून नाचायला लागली. "वन्स मोअर!"

संस्थाचालक लालबुंद चेहऱ्याने खाली आले आणि साहेबांच्या हातात चेक कोंबून तरातरा परत गेले.

"बाई, आपल्याला बक्षीस मिळालं!" आफरीन ओरडली. साहेब खो खो हसले.

मला हसू येईना. घरपट्टीत शाळांसाठीचा कर असतो, आणि आमच्या चौथीच्या वर्गावर जूनपासून पत्रे नाहीत.

"हो गं," मी म्हणाले, "आपलंच आहे ते."