जादाची एक गोळी

"बस ना गं," म्हातारी दोनदा म्हणाली, तरी औषधवाली बसली नाही. कोपऱ्यावरच्या दुकानात तिला अकरा वर्षं झाली होती. या घरच्या गोळ्या तिच्याच हातून जायच्या. म्हातारी दुपारचं जेवण आटोपून ताट पुसत होती. एकच ताट.

"बसले तर बोलता यायचं नाही, आजी. उभ्यानंच सांगते. मधे थांबवू नका." तिनं पर्सचा पट्टा घट्ट धरला. "आजोबांच्या हृदयाच्या गोळ्या. मी चुकीचं पाकीट दिलं. दोन्ही पाकिटं सारखीच दिसतात, वरचा आकडा तेवढा वेगळा. त्यांना लागायची त्याच्या चौपट ताकदीची गोळी पोटात गेली. बारा दिवस. महिनाअखेरीला माल तपासताना लक्षात आलं, तोवर आजोबांना माती देऊन चार दिवस झाले होते. आठ महिने मी तोंड शिवून बसले."

म्हातारीनं ताट फळीवर नीट उभं केलं.

"शेवटी शेवटी म्हणायचे, भिंत पिवळी का दिसतेय? मी म्हटलं, चष्मा पुसा."

"त्या गोळीनंच दिसतं तसं."

"डॉक्टर म्हणाले, वय झालं होतं."

"वय झालं होतं, आजी. पण वयानं गेले नाहीत."

म्हातारी खुर्चीवर टेकली. "आणखी कुणाला सांगितलंस?"

"पाळकांना. परवा. त्यांनी डोक्यावर हात ठेवला. म्हणाले, प्रभूनं क्षमा केली, पोरी, आता मागं वळून बघू नकोस. पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. घरी गेले तर घास उतरेना. इतकी स्वस्त कशी असेल क्षमा?"

"देवाचं काय जातंय माफ करायला!" म्हातारी कडाडली. "त्याच्या घरातलं माणूस थोडंच गेलंय—"

आणि मधेच थांबली. आपण काय बोललो ते तिचं तिलाच ऐकू आलं. साठ वर्षं ती दर रविवारी क्रूसासमोर बसत आली होती.

"गेलंय म्हणा," ती हळू आवाजात म्हणाली. "त्याचंही गेलंय. पोटचं पोर."

औषधवाली खाली मान घालून उभी होती. आता शिव्या येतील, हाताला लागेल ते अंगावर येईल, अशी तिनं मनाची तयारी केली होती. पण म्हातारीनं भलतंच विचारलं.

"एक गोळी जादा पडली तर माणूस मरतो?"

"म्हणजे?"

"शेवटच्या संध्याकाळी हे विचारत होते, माझी गोळी झाली का? मला काही केल्या आठवेना. झाली नसेल, म्हणून दिली. मग पाकीट मोजलं तर हिशेबात एक गोळी कमी. सकाळी हे उठलेच नाहीत." तिनं पदरानं तोंड पुसलं. "तेव्हापासून प्रभुभोजनाला उठले नाही मी. लोकांना वाटतं, म्हातारीचे गुडघे गेले. कोणत्या तोंडानं ती भाकर घेऊ? न्यायाच्या दिवशी हे समोर उभे राहिले, तर काय सांगू त्यांना?"

रविवारी ही बाई मागच्या बाकावर बसून राहायची, ते औषधवालीनं पाहिलं होतं. आणि ती स्वतः मात्र आठही महिने पुढं जाऊन भाकरीसाठी हात पसरत आली होती.

"तुमच्या गोळीनं नाही गेले, आजी. योग्य गोळ्या असत्या तर एक जादा पडून काही झालं नसतं. माझ्यामुळं गेले."

"पुन्हा सांग."

"माझ्यामुळं गेले. तुमच्यामुळं नाही."

म्हातारीचे खांदे सैल पडले. तिनं स्वतःचे हात उलटेसुलटे करून बघितले.

"उद्या मालकांना सांगणार आहे," औषधवाली म्हणाली. "मग पोलिसांत. परवाना जाईल."

"जाऊ दे. जायलाच हवा."

"आजी, मला माफी..."

"ते आज मागू नकोस." म्हातारी उठली, तिनं दार उघडून धरलं. "आज मला माझीच पेलत नाहीये. तुझी कुठून देऊ?"

दार लागलं. औषधवाली जिन्याच्या पहिल्या पायरीवर कठडा धरून उभी राहिली. आतून म्हातारीचा आवाज येत होता. बहिऱ्या माणसाशी बोलावं तसा, मोठ्यानं, उतावीळ.

"अहो, ऐकलंत का? मी नव्हते हो. मी नव्हते!"