पेट्रोलातली खोट

मिस्त्रीने ब्लेडने पेट्रोलची नळी उभी चिरली आणि आतून त्याचीच चिंधी बाहेर आली.

अंगठ्याच्या नखाएवढी, हिरव्या पट्ट्यांची. जुना पायजमा फाडून केलेल्या या चिंध्या तो वर्षभर हात पुसायला वापरत होता. खुंटीवर त्यांचा झुपका होता आणि एक तर या क्षणी त्याच्या डाव्या हातातच होती. त्याने दोन्ही शेजारी शेजारी धरून बघितल्या. घासात झुरळ निघावं तशी त्याला स्वतःची किळस आली.

नावेच्या या मोटरने दोन महिने नाववाल्याच्या नाकी नऊ आणले होते. सकाळी पहिल्या झटक्याला सुरू व्हायची, दहा-बारा माणसं घेऊन निघायची आणि नेमकी पाण्याच्या मध्यावर मान टाकायची. मग ओढा दोरी. ओढून ओढून माणसाचा खांदा उतरायची वेळ आली, तरी ही ढिम्म. अर्ध्या तासाने मात्र, मी नाही त्यातली म्हणत, पुन्हा सुरू. मिस्त्रीने प्लग बदलले, कार्बोरेटर दोनदा धुतला, आणि तिसऱ्या खेपेला अक्कल संपल्यावर ठोकून दिलं की पेट्रोलात भेसळ आहे. वर कुणी विचारलं नसताना हेही म्हणाला, की पेट्रोल आणतो कोण ते जरा बघा.

पेट्रोल आणायचा नाववाल्याचा मेव्हणा. बायकोचा सख्खा धाकटा भाऊ. नावेवर राबायचा, बहिणीच्या घरी जेवायचा. नाववाल्याने भर धक्क्यावर त्याची गचांडी धरली, अर्धं पेट्रोल बाहेर विकून वर रॉकेल ओततोस म्हणाला, आणि त्याचं अंथरूण घराबाहेर फेकलं. त्याला आता सहा आठवडे होत आले. मोटर तरीही बंद पडतच होती. त्यावर मिस्त्रीचं उत्तर असं, की घाण आत मुरलीय, निघायला वेळ लागणार. मोठा शहाणा!

आणि घाण ही निघाली. हंगामाआधी नवी नळी बसवताना पेट्रोल ठिबकू नये म्हणून त्याने तिच्या तोंडात बोळा कोंबला होता आणि तो जेवायला गेला होता. आल्यावर बोळा उपटला, तुकडा आत राहिला. मोटर जोरात पेट्रोल ओढायला लागली की चिंधी पुढे सरकून वाट अडवायची, मोटर थांबली की सैल पडायची. सगळं उघडून बघितलं, नळी तेवढी बघितली नाही, कारण ती नवी होती आणि त्याने स्वतः बसवली होती. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, इथे तर फाशी चोरानेच सुचवली होती.

नाववाला शेडच्या दारात पालथ्या बादलीवर बसला होता, त्याच्याकडे पाठ करून. चिंधी सहज टाकून देता आली असती. तेवढा नीच तो निघाला नाही. उठून गेला आणि तळवा त्याच्यापुढे धरला.

"ही अडकली होती. माझीच आहे. तुमच्या मेव्हण्याचा काही दोष नाही."

आता कानाखाली बसेल असं त्याला वाटलं होतं. बसली असती तर बरं झालं असतं. नाववाल्याने आधी चिंधीकडे बघितलं, मग बाहेर धक्क्यावर कुणी बघतंय का ते बघितलं. हळू आवाजात म्हणाला, की आपण चार लोकांत त्या पोराला चोर म्हणून बसलोय, सासूला तोंडावर ऐकवून आलोय, आता ते शब्द कुठल्या तोंडाने गिळायचे? आणि तसाही तो आयतोबाच होता, आज ना उद्या काढायचाच होता. मिस्त्री काहीतरी बोलायला गेला, तर नाववाल्याने त्याची बोटं एकेक करून मिटवली.

"झाकली मूठ सव्वा लाखाची," तो म्हणाला. "तुमचीही आणि माझीही."

मिस्त्रीला त्याची शिसारी आली. पण तिच्या खाली कुठेतरी हायसंही वाटलं. वीस वर्षांचं नाव होतं धक्क्यावर. त्याने मूठ खिशात घातली.

दुसरी नळी बसवली, मोटर पाण्याच्या पिंपात सोडली, दोरी ओढली. पहिल्या झटक्यात सुरू. वीस मिनिटं चालवली, बंद केली, पुन्हा ओढली. पुन्हा सुरू. आवाज ऐकून नाववाल्याची बायको आत आली. नाववाला फुशारून म्हणाला, की बघ, तुझ्या भावाची घाण धुऊन निघाली एकदाची. तिने त्याच्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. ती मिस्त्रीसमोर येऊन उभी राहिली.

"मिस्त्रीदादा, तुम्ही खोटं नाही बोलायचे. पेट्रोलच होतं ना?"

नाववाला दोरीची गाठ तपासायला लागला. मिस्त्रीचा हात अजून खिशात होता.

"पेट्रोलच होतं, वहिनी."

तिने मोठा सुस्कारा सोडला आणि त्या पालथ्या बादलीवर टेकली. चेहरा एकदम सैल झाला तिचा.

"सुटले बाई. परवा आला होता तो. दाराबाहेर उभा राहून रडत होता, माझी शपथ घेत होता. मी कडी काढली नाही. तेव्हापासून घास उतरत नव्हता, वाटायचं, आपलंच चुकलं की काय." तिने पदराने डोळे पुसले आणि ती चक्क हसली. "आज नीट जेवेन."