सासूबाईंची गाठ

"छातीत गाठ लागतेय गं," असं सासूबाई हळूच म्हणाल्या, तशी सून उखडलीच. "हे काय अंगावर काढायचं दुखणं आहे? लाज कसली धरता?" दुसऱ्याच दिवशी ती त्यांना दवाखान्यात घेऊन गेली.

तपासणीच्या खोलीपाशी सासूबाई अडून बसल्या. "मला मेलीला संकोच वाटतो. आधी तू करून घे, मग मी." सुनेचा चेहरा पडला, पण आता नाही म्हणायला तिला तोंड नव्हतं.

ती बाहेर आली ती मान खाली घालूनच. "माझ्याच छातीत गाठ निघाली. लहान आहे, वेळेत आलात म्हणाल्या डॉक्टर," ती पुटपुटली. "आता तुम्ही जा."

सासूबाईंनी तिला जवळ ओढलं.



"मला कुठे काय झालंय? तू चोरून चाचपून बघायचीस आणि एकटीच रडायचीस. तुझ्या तोंडून निघेना, म्हणून मी माझं म्हणून सांगितलं."