मालाची जीप, माणसांची जीप

तुषारशेठने नव्या टायरवर अंगठ्याचं नख ओढून पाहिलं. चिकू उतरवायला झाला की नाही, हे तो असंच बघतो. सालीवर नख मारायचं, खाली हिरवं दिसलं तर फळ झाडावर राहू द्यायचं. टायरला नख मारून त्याला काय कळलं ते देव जाणे, पण त्याने जाणकारासारखी मान डोलावली आणि दर्शनच्या दुकानातले चार टायर बाजूला काढायला लावले.

तलासरीला हायवेच्या कडेला हे दुकान. समोर शेठच्या दोन जीपा उभ्या होत्या, एकाच मापाच्या. एक घोलवडच्या वाडीतून चिकूचे क्रेट स्टेशनवर नेते. दुसरी तलासरीच्या पाड्यांवरून चिकू उतरवणाऱ्या बायकांना वाडीत आणते. बायका आज अर्ध्या वाटेत उतरून चिंचेखाली बसल्या होत्या. शेठची बायको जयश्री हळदकुंकवाचं तबक घेऊन उभी होती. घरात नवा टायर जरी आला तरी त्याची पूजा घरच्या लक्ष्मीने करायची, हा शेठच्या वडिलांपासूनचा रिवाज.

दर्शनने न विचारताच बायकांच्या जीपला जॅक लावला. तिचे टायर घासून पार गोटा झाले होते.

"ती नाय रे, ही," शेठ म्हणाला. "मालाची."

"मग हिला काय लावू?"

"मालाच्या गाडीचे जुने निघतील ते."

दर्शनने हात पुसले. "शेठ, त्यांच्यातपण जीव नाय राहिला. दोन टायरांच्या तर आतल्या तारा दिसतात. नवे हिलाच लावा ना. माल सपाटीवरून जातो, उतार तर ह्या बायकांना आहे."

"अरे, चिकू नाजूक असतो. एक हिसका बसला की डागी होतो. बायकांचं काय, त्या धरून बसतात."

आणि तो हसला. गिऱ्हाईक हसतंय म्हणून दर्शनही हसला.

जयश्रीने बायकांकडे पाहिलं. चिंचेखाली हिरी बसली होती, प्लास्टरमधला हात गळ्यात अडकवून. मागच्या आठवड्यात उतारावर जीप घसरून गटारात गेली तेव्हाचा हा हात. वाडीत एका हाताने चिकू निवडता येतात, म्हणून ती तशीच कामाला येत होती.

मालाच्या जीपला नवे टायर चढले. जयश्रीने चारही टायरांना कुंकू लावलं, नारळ फोडला. शेठने मोबाइल काढला. "जरा हसून बघ, स्टेटसला टाकायचंय." मग खोबऱ्याचे तुकडे करून त्याने बायकांकडे पाठवले. बायकांनी ते कपाळाला लावून खाल्ले. कुणाच्या टायरांचा प्रसाद कोण खातंय, हे बघून जयश्रीला अक्षरशः शिसारी आली.

आता उतरवलेले जुने टायर दर्शन बायकांच्या जीपला बसवत होता. जयश्री वाकली. एका टायरच्या भेगेत तिच्या बोटाचं अख्खं पेर आत गेलं आणि तार टोचली.

"अहो, यात बोट जातंय माझं."

"तू कशाला हात लावतेस? काळे होतील हात."

"पुन्हा घसरली म्हणजे? हिरीचं बघताय ना?"

"हिरी झोपली होती, तिने धरलं नव्हतं," शेठ समजावणीच्या सुरात म्हणाला. "आणि प्लास्टर कुणी करून दिलं? मीच ना?"

हे तो खरंच उदारपणाने म्हणाला, आणि तेच तिला सगळ्यात घाण वाटलं. ह्या माणसाच्या ताटात आपण रोज वाढतो, त्याच्या शेजारी झोपतो, या विचाराने तिच्या अंगावर काटा आला.

ती वळली. तबक दर्शनच्या काउंटरवर ठेवलं, टायर बसले तशा चिंचेखालून उठलेल्या बायकांच्या मागोमाग गेली आणि त्यांच्या जीपमध्ये चढली. आतल्या बायकांनी अंग चोरून तिला जागा केली.

"शेठाणी, पुढं बसा," ड्रायव्हर नविन गडबडून म्हणाला.

"नको. इथंच बरी आहे."

शेठ धावत आला. "काय नाटक चाललंय? आपली कार उभी आहे ना तिकडे!"

"मी ह्याच गाडीने घोलवडला येते. चला, उशीर होतोय बायकांना."

दर्शन बघत होता, नविन बघत होता. चारचौघांत बायकोला खाली ओढता येत नव्हतं. शेठने तिच्याकडे पाहिलं. मग वाकून त्या भेगाळलेल्या टायरकडे पाहिलं, चांगलं निरखून पाहिलं. दर्शनने जॅक पुन्हा हातात घेतला. आता नवे टायर निघणार, अशी जयश्रीची खात्री झाली.

शेठ ड्रायव्हरच्या खिडकीशी गेला आणि दारावर थाप मारली.

"नविन, शेठाणी आहेत गाडीत. उतारावर आज हळू घे हां."

जीप निघाली. जयश्रीला नवऱ्याची किळस येत होतीच, आता त्या 'आज'मुळे स्वतःचीही यायला लागली. आपलं वजन ह्या माणसाने इतकंच धरलं होतं, आणि बाकीच्यांचं तेवढंही नाही.

बुधी नावाची म्हातारी सरकून तिच्याजवळ आली. तिने जयश्रीचा हात उचलून वरच्या दांड्यावर नीट ठेवला, आपला त्याच्याशेजारी ठेवला. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, विनंतीच होती.

"बाय," ती म्हणाली, "तू रोज येत जा ना आमच्यासंगं."