पाऊस पडला की बंद

घराच्या छतावर, पूर्वेच्या कठड्याबाहेर, टेकरामनं हवामान मोजायचं यंत्र स्वतःच्या हातानं बसवलं. त्याच्या वाटीत पाऊस पडला की शेतातले स्प्रिंकलर आपोआप बंद. पण ऐन एप्रिलात, आभाळात ढगाचा ठिपका नसताना, ते रोज सकाळीच बंद पडू लागले आणि मिरची उभ्या उभ्या वाळली.

त्यानं शेजारच्या शेतात धाकट्या भावाला, भिवरामला गाठलं. "काहून बंद करून राह्यला बे माहे स्प्रिंकलर?"

"म्या हातबी नाही लावला, दादा."

टेकरामनं फावड्याचा दांडा उचलला. पहिल्या घावात भिवरामचं मनगट मोडलं, दुसऱ्यात डोकं फुटलं. खाली पडून तो हात जोडायला गेला, तर एकच हात वर आला. तरी टेकराम थांबला नाही.

रात्री त्याच्या पोरीनं, पिंकीनं, त्याच्या फोनवर यंत्राचे मेसेज चालू करून दिले. "आता कोन बंद करते ते दिसन तुमाले," एवढंच बोलली.

सकाळी आंघोळ करून तो छतावर गेला. दवाखान्यातून निरोप येईल म्हणून फोन खिशातच होता. कठड्याशी उभं राहून त्यानं नेहमीसारखं सूर्याला तांब्याभर पाणी सोडलं.


फोन वाजला. "बारिश हो रही है. सिंचाई बंद की गई."