कंट्रोलरचा आकडा

नवा जिल्हा होणार म्हणून उदगीरच्या वाटेवर फलक लागले होते. पण गावात पाण्याचा टिपूस नव्हता, आणि फलक पिता येत नाहीत. तुरीवर अळी पडली, तेव्हा माझ्या बायकोनं, गुरम्मानं घरातलं पिण्याचं पाणी फवाऱ्याच्या टाकीत ओतलं. माझ्या आईपुरती एक घागर तेवढी ठेवली. तूर गेली असती तर खायचं काय?

किती फवारलं ते मोजणारा फवाऱ्याचा कंट्रोलर जुना, भंगारातून आणलेला. मलप्पा मिस्त्री त्याच्या तारा जोडून वर सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या गुंडाळत होता. पंप बंद, ट्रॅक्टर बंद. तरी कंट्रोलरच्या पडद्यावर फवारलेल्या लिटरांचा आकडा चढायला लागला.

"मिस्त्री, तारा उलट्या जोडल्या का?" मी विचारलं.

"उलट्या कशाच्या? बॅटरीची तार अजून माझ्या हातात हाय, मालक."

मी टाकीत डोकावलो. पाणी उतरत होतं. नळ्या कोरड्या होत्या, खालची मातीही कोरडी.

बघता बघता टाकीचा तळ दिसला. आकडा थांबला नाही.

"गुरम्मा, घागर बघ."

तिनं घागर उपडी केली. थेंब पडला नाही. "आत्ता भरलेली होती," ती म्हणाली.

आकडा चढतच होता. मलप्पानं काही बोलायला तोंड उघडलं, पण त्याची जीभ टाळूलाच चिकटली. मी आवंढा गिळायला गेलो. तोंडात थुंकी नव्हती.