नाबोरची रेघ

नाबोरनं कमरेचा पट्टा काढून गाडीत फेकला आणि पँट सुतळीनं बांधली. अंगावर लोखंड नको. बक्कल नको, किल्ली नको, बुटाला खिळा नको. मग त्यानं सोनं शोधायच्या मशीनच्या दांड्याला थाळी बसवली, वायर गुंडाळली, हेडफोन कानांवर चढवला आणि थाळी वाळूवर खाली-वर, खाली-वर हलवू लागला. आधी मशीनला जमिनीची ओळख करून द्यावी लागते. अल्तार वाळवंटाच्या वाळूत लोखंडाची काळी भुकटी असते. ती गप्प झाली तरच सोनं बोलतं. कानात फक्त एकसारखी गुणगुण उरली पाहिजे.

"झाली गप्प," नाबोर म्हणाला.

झाली नव्हती. तीन पावलांवर कुदळ घेऊन उभ्या त्याच्या बायकोला, तोमासाला, हेडफोनच्या बाहेर ती किरकिर ऐकू येत होती. आवाजाचं बटण शेवटापर्यंत पिळलेलं होतं. चाळीस वर्षं संसार केलेल्या बाईला नवऱ्याच्या कानांचं काय झालंय हे कळायला डॉक्टर लागत नाही.

पण मशीन सुरू असताना खणणाऱ्यानं बोलायचं नसतं. पाणी वाहायला, खणायला, खड्डे बुजवायला बाई चालते. मशीनला मात्र बाईचा हात लागला की सोनं लपतं, असं या वाळवंटातले सगळे सोनं शोधणारे छातीठोक सांगतात. हे त्यांना सोन्यानं कधी सांगितलं, ते मात्र कुणी सांगत नाही.

नाबोर कोरड्या ओढ्यात उतरला. थाळी जमिनीला घासून डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे. मागं एक पाय ओढत वाळूत रेघ. रेघ म्हणजे इथवर ऐकून झालं. एके काळी नाबोरच्या रेघेवर दुसरा कुणी थाळी लावत नसे. तिथं काही उरतच नसे.

आता काठावर एक पांढरी गाडी उभी होती. बोनेटवर राफा आणि त्याचा भाऊ मांडीवर मशीन घेऊन बसले होते. दोन महिने ते फक्त नाबोरच्या रेघांवरून चालत होते. मागच्या आठवड्यात त्यांना तिथंच हरभऱ्याएवढं सोनं लागलं आणि ते गावभर दाखवत फिरले. पोरांना लाज नाही. गावालाही नव्हती, सगळे हसले.

"आजोबा, सावकाश!" राफा वरून ओरडला. "आमच्यासाठी ठेवा काहीतरी!"

पोरं नमस्कार करताहेत असं वाटून नाबोरनं हात हलवला.

तोमासाचं डोकं फिरलं ते त्या हलवलेल्या हातामुळं.

वळणावर गुणगुण जराशी चढली आणि उतरली. झोपेतल्या माणसानं कूस बदलावी, इतकीच. खाली काहीतरी होतं. नाबोर थाळी फिरवत पुढं गेला. पाय ओढला. रेघ उमटली.

तोमासानं त्या रेघेवर कुदळ घातली.

दणका पायांना जाणवला तेव्हा तो वळला. हेडफोन गळ्यात ओढला. "काय करतेस, म्हातारे?"

"खणतेय."

"मी सांगितलं का?"

"मशीननं सांगितलं."

"कुणी?"

"मशीननं!" तिनं आवाज चढवला. "मला इथवर ऐकू आलं!"

"लोखंडी दगड असेल. फसवा."

"असू दे."

काठावरची दोघं उठून उभी राहिली. तोमासा खणत कोपरभर खोल गेली. नाबोर वाकला नाही, की त्यानं तिला थांबवलंही नाही. मग ती म्हणाली, "थाळी आडवी धर." त्यानं धरली. ती मूठ-मूठ वाळू काढून थाळीवरून फिरवत राहिली. सहाव्या मुठीला मशीन असं किंचाळलं की गळ्यातल्या हेडफोनमधूनही त्याला ऐकू गेलं.

खिळा. घोड्याच्या नालेचा, गंजलेला.

"आजी, आता घोडापण शोधा!" राफा ओरडला. दोघं पुन्हा बोनेटवर बसली.

"बघ," नाबोर म्हणाला. "खिळा."

"खिळाच. पण तुला ऐकू आला नाही."

शिवी येणार म्हणून ती कुदळ टेकवून उभी राहिली. शिवी आली नाही.

"कधीपासून माहीत आहे तुला?"

"मागच्या उन्हाळ्यात बकरी दारात ओरडून ओरडून दमली, आणि तू म्हणालास, किती शांत आहे आज."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले. ऐकलं कुठं तू?"

नाबोर हसला नाही. मिशी तेवढी हलली. खिळा खिशात घालायला त्यानं हात नेला, मग अंगावर लोखंड नको हे आठवून तो झुडपात भिरकावला. तोमासाची टोपी काढली. तिच्या एप्रनच्या खिशातून गाडीची किल्ली काढून काटेरी फांदीवर अडकवली. हेडफोन तिच्या डोक्यावर ठेवला आणि दोन घरं आवळला.

"केवढंसं डोकं ग तुझं."

"अक्कल पुरून उरते."

त्यानं दांडा तिच्या हातात दिला आणि वर आपला हात ठेवला. खाली-वर, खाली-वर. तिनं आवाज निम्म्यावर आणला. किरकिर हळूहळू विरली.

"झाली गप्प?"

तिनं मान हलवली.

"सोनं लपलं तर?" तिनं विचारलं.

"लपू दे की. शोधायलाच आलोय ना?"

नाबोरनं कुदळ उचलली. सकाळपासून ओढलेल्या रेघा एकदा पाहिल्या आणि बुटानं पुसत पुसत तो जिथून सुरुवात केली होती तिथवर मागं गेला. तोमासा मशीन सांभाळत त्याच्यामागं गेली. तिच्या एका कानावरचा हेडफोन उचलून तो, त्याच्या मते, कुजबुजला. काठावरच्या दोघांनाही लख्ख ऐकू गेलं.

"काही वाजलं तर माझ्या उजव्या कानात सांग, म्हातारे."